पाणी नेमके मुरते कुठे?

मे महिन्याचा अखेरचा आठवडा उजाडला की बोईसरच्या इमारतींच्या गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या दिसू लागतात. रंगाच्या दुकानांत वॉटरप्रूफिंगच्या डब्यांची रास लागते, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना सकाळी सातलाच कुणीतरी घेऊन जाते आणि एरवी पहिल्या घंटीला फोन उचलणारा ठेकेदार ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे सांगू लागतो. मग पाऊस येतो. जुलैच्या मध्यावर छताच्या कोपऱ्यात एक पिवळसर वर्तुळ उमटते. त्याखाली बादली ठेवली जाते, सोसायटीच्या सचिवांना पत्र दिले जाते. दिवाळीत घराला रंग लागतो आणि ते वर्तुळ दिसेनासे होते. पुढच्या जुलैत थोडे मोठे होऊन ते परत येते.

या चक्रात खर्च दरवर्षी होतो, गळती मात्र थांबत नाही. याला बहुतेक वेळा माल जबाबदार नसतो. पाणी कोठून शिरते याचा शोध न घेता ते जेथे दिसते तेथे उपाय केला जातो, ही पहिली चूक. दुसरी चूक ऋतूची आहे. गळतीचे मूळ सापडते ते पावसाळ्यात, जेव्हा पाणी वाहत असते; आणि दुरुस्ती टिकते ती कोरड्या दिवसांत, जेव्हा स्लॅब आतून सुकलेला असतो. म्हणजे तज्ज्ञाला बोलवायचे जुलैत आणि काम करून घ्यायचे डिसेंबर ते एप्रिल या काळात. प्रत्यक्षात जुलैत कुणालाच बोलावले जात नाही आणि मेअखेरीस, मूळ अदृश्य असताना, घाईघाईने काम उरकले जाते.

बोईसर-तारापूर परिसरात ही चूक अधिक महाग पडते. पालघर जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पश्चिमेला काही किलोमीटरवर नवापूर, तारापूर, चिंचणीचा किनारा आहे. त्यामुळे पाऊस सरळ उभा पडत नाही; नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर त्याची झड भिंतीवर आडवी आदळते आणि खिडकीच्या चौकटीतील बारीक फटीतूनही आत शिरते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ या किनाऱ्याला समांतर जात गुजरातकडे सरकले, तेव्हा मोसमी पावसाला अवकाश होता आणि बहुतेक गच्च्यांवर ताडपत्रीही पडलेली नव्हती. समुद्री वाऱ्याबरोबर येणारा क्षार काँक्रीटमधील लोखंडाचा शत्रू आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील हवेविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत तारापूर सर्वांत वर होते. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीच्या धक्क्याची तीव्रता ४.१ इतकी नोंदली गेली. असे धक्के पक्की इमारत पाडत नाहीत, पण गिलाव्यात आणि विटांच्या भिंतींत बारीक तडे पाडू शकतात. पाण्याला आत शिरायला केसाएवढा तडाही पुरतो.

जुन्या वस्तीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जात असे. चिंचणी-तारापूरची कौलारू घरे दरवर्षी पावसाआधी शाकारली जात. फुटके कौल बदलायचे, सरकलेले जागेवर बसवायचे, वळचण साफ करायची, एवढेच काम. आणि गळते कुठे ते खालून पाहिल्यावर उजेडाच्या तिरिपेवरून कळत असे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ कारखाने वाढले, आणि एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणूपर्यंत पोहोचल्यावर मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांनीही बोईसरची वाट धरली. कौलांच्या जागी स्लॅब आला. स्लॅबमधून उजेड दिसत नाही. पाणी मात्र येते, आणि येताना स्वतःचा मार्ग लपवून येते.

डाग एकीकडे, वाट दुसरीकडे

गच्चीवरील पाणी थेट खालच्या डागापर्यंत उतरते, हा सर्वांत मोठा गैरसमज. आपल्याकडील बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून, पाणी वाहून जाईल असा उतार देऊन, वरून गुळगुळीत थर देण्याची ही पद्धत मुंबई परिसरात अनेक दशके रुळलेली आहे आणि नीट केली तर चांगली टिकतेही. पण वरच्या थराला तडा गेला की पाणी विटांच्या तुकड्यांत उतरते. वीट पाणी शोषून धरते. कोब्याखाली साचलेले पाणी स्लॅबवरून आडवे सरकत जाते आणि जेथे काँक्रीट सच्छिद्र असेल किंवा विजेच्या नळीसाठी पोकळी असेल तेथे खाली उतरते. तडा उत्तरेच्या कठड्याशी आणि डाग दक्षिणेच्या शयनगृहात, असे सर्रास घडते. डागाच्या बरोबर वर गच्चीवर दोन हात रासायनिक लेप मारून घेणाऱ्याचे पैसे म्हणूनच वाया जातात.

मूळ शोधताना अनुभवी माणूस भिंतीकडे पाहण्याआधी प्रश्न विचारतो. ओल मे महिन्यात पूर्ण सुकते का? सुकत असेल तर पाणी पावसाचे. बारमाही असेल तर नळाचे किंवा सांडपाण्याचे. पाऊस सुरू होताच तासाभरात भिंत ओली होते की पाऊस थांबल्यावरही दोन दिवस थेंब पडत राहतात? पहिल्या प्रकारात बाहेरची भिंत किंवा खिडकी संशयित. दुसऱ्यात पाणी धरून ठेवणारा कोबा. वरच्या घरातील मंडळी गावी गेली की गळती थांबते का? थांबत असेल तर वरच्या न्हाणीघराचा खोलगट स्लॅब किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा पाहावा लागेल. वरच्या घरात कुणी नसतानाही ठिबक अखंड सुरू असेल, तर दाबाखालील पाण्याची नळी फुटलेली असण्याची शक्यता अधिक. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंतच ओल आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी वरून येतच नाही. ते जमिनीतून विटांत चढते आहे. वातानुकूलन यंत्राच्या खाली दिसणारा डाग बऱ्याचदा त्या यंत्राच्या तुंबलेल्या नळीचा निघतो, आणि त्यासाठी गच्ची फोडल्याचीही उदाहरणे आहेत.

हे प्रश्न घरच्या माणसालाही स्वतःला विचारता येतात. एक छोटी नोंदवही ठेवून कोणत्या दिवशी, किती पावसानंतर, डाग कुठवर पसरला हे पेन्सिलीने भिंतीवर खूण करून लिहून ठेवले, तर तज्ज्ञाचा निम्मा वेळ वाचतो. डागाची दर आठवड्याची छायाचित्रे एकाच जागेवरून काढावीत. घरातील दमटपणामुळे भिंतीवर बाष्प जमते आहे की पाणी आतून येते आहे, हे ठरवण्याचा एक सोपा उपाय आहे. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद भिंतीच्या कोरड्या केलेल्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर बाष्प. भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली.

पुढची तपासणी मात्र जाणकारानेच करावी. न्हाणीघराचा निचरा बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवणे, त्यात रंग मिसळून तो खाली उतरतो का ते पाहणे, नळजोडणीत ठरावीक दाब देऊन तो टिकतो का हे तपासणे, ओलावा मोजणाऱ्या उपकरणाने भिंतीवर चौकटी आखून मोजमाप घेणे, या चाचण्या साध्या आहेत आणि फोडाफोड न करता होतात. उष्णतेचे चित्र टिपणारा कॅमेराही आता वापरला जातो. तो पाणी दाखवत नाही, ओल्या भागाचे तापमान कमी असल्याने तेथील फरक दाखवतो. म्हणून त्याच्या निळ्या डागाला ओलावामापकाची पुष्टी हवी. कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक जण तज्ज्ञ नसतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

ओल ही केवळ रंगाची तक्रार नव्हे

निवांतपणे रंग काढून वेळ मारून नेणाऱ्यांना पुढील धोका दिसत नाही. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे आतील सळईभोवती एक संरक्षक थर तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साथीने आत शिरत गेला की हा अल्कधर्म घटतो. समुद्राचा क्षार तर हा थर थेट भेदतो. मग सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. आतून फुगणारा हा गंज बाहेरच्या काँक्रीटला ढकलतो, सळईच्या रेषेत तडा जातो आणि एके दिवशी छताचा पापुद्रा खाली येतो. स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या छतातून असे तुकडे कोसळून माणसे जखमी होतात. सळईच्या रेषेत सरळ जाणारा तडा, तपकिरी डाग आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला नव्हे, संरचना अभियंत्याला बोलवायचे असते. खांब किंवा तुळईवर ती दिसली तर त्याच आठवड्यात.

भूकंपाच्या धक्क्यांनंतर पडणाऱ्या तड्यांबाबत या परिसरात भीतीही आहे आणि बेफिकिरीही. विटांची भिंत आणि काँक्रीटची तुळई जेथे जुळते तेथील आडवा तडा बहुधा दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातला असतो. तो पाणी आत घेतो, पण इमारतीला त्यापासून धोका नसतो. खांबावरील किंवा तुळईवरील तिरकस तडा हे वेगळे प्रकरण आहे. हा फरक ठरवण्याचे काम रंगाऱ्याचे नाही.

विजेचे बटण असलेली भिंत ओली असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा आधी बंद करावा. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा उपकरण मुख्य फळीवर नसेल, तर तो खर्च वॉटरप्रूफिंगच्याही आधीचा. बुरशीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली असून ओलसर घर आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध तिने स्पष्टपणे मांडला आहे. दमा असलेले मूल ज्या खोलीत झोपते तेथील भिंत केवळ पुसून चालत नाही. टाकी भरून वाहिली किंवा नळी फुटली आणि गाद्या, लाकडी कपाटे भिजली, तर एक-दोन दिवसांत ती वाळवणे आवश्यक असते. त्यानंतर बुरशी धरू लागते.

निदान करणारा वेगळा, औषध विकणारा वेगळा

गळतीसाठी कुणाला बोलवावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ‘ओळखीचा गवंडी’ असे असते. गवंडी, किंवा या भागात ज्याला कडियाही म्हणतात, तो वाईट कारागीर असतो असे मुळीच नाही. फरशीचे सांधे भरणे, खिडकीखालील छज्जाचा उतार सुधारणे, फुटलेला गिलावा काढून नवा करणे ही कामे तो उत्तम करतो. नळाचे काम प्लंबरचे. पण मूळ न कळलेली गळती, संपूर्ण गच्ची, बाहेरची भिंत किंवा गंजलेली सळई असे काम असेल तर निदान आणि दुरुस्ती हे दोन टप्पे दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावेत. ‘मोफत तपासणी’ करणारा ठेकेदार जे विकतो तेच औषध लिहून देतो. गच्चीवर कोबा घालणाऱ्याला प्रत्येक दुखण्यावर कोबा दिसतो, लेपवाल्याला लेप, आणि इंजेक्शनवाल्याला छिद्रे. स्वतंत्र अभियंत्याचे शुल्क सुरुवातीला अनाठायी वाटते. सोसायटीने ते सर्व सभासदांत विभागले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम एका वेळच्या रंगकामापेक्षा पुष्कळच कमी असते.

अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा. त्यात गळतीचे मूळ, त्यासाठी केलेल्या चाचण्या, कामाचे माप आणि वापरायच्या पद्धतीचे वर्णन असावे. इमारत जुनी असेल तर काँक्रीटची ध्वनिलहरींनी होणारी तपासणी आणि हातोडा चाचणी यांचाही समावेश होतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. बोईसरमधील अनेक इमारती आता या वयात आल्या आहेत. गळतीचा अहवाल आणि ही तपासणी एकत्र करून घेतल्यास खर्चही वाचतो.

उपायांबाबत एक मोठा भेद समजून घेणे आवश्यक आहे. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला केलेला उपाय आणि ज्या बाजूला दिसते त्या बाजूला केलेला उपाय यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. खोलीच्या आतून छताला लावलेला लेप डाग झाकतो. पाणी स्लॅबमध्येच राहते आणि सळई गंजत राहते. दिसत नाही म्हणून ते अधिक घातक. वरचा शेजारी काम करू देत नाही, अशा वेळी लोक आतून लेप मारून समाधान मानतात. ते समजण्याजोगे असले तरी तो उपाय नव्हे. नळ्यांद्वारे स्लॅबमध्ये सिमेंटचे द्रावण किंवा फुगणारे पॉलियुरेथेन भरण्याची पद्धत तड्यांसाठी उपयुक्त आहे. मात्र फुटलेल्या नळीवर तिचा काहीही उपयोग होत नाही.

गच्चीवर जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालण्याचा सल्ला कुणी दिला तर सावध व्हावे. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरते. आधीच गंजलेल्या स्लॅबवर ते लादणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. जुना कोबा सुस्थितीत असेल, केवळ वरच्या थराला तडे असतील, तर ते भरून वरून लवचीक लेप देता येतो. तो पोकळ झाला असेल तर काढावाच लागतो, आणि काढताना हादऱ्यांनी स्लॅबला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. गच्ची आणि कठडा जुळतो तेथील गोलाई, ज्याला कारागीर ‘वाटा’ म्हणतात, आणि पावसाळी नळाच्या तोंडाभोवतीचा भाग, या दोन जागा नीट झाल्या नाहीत तर मधल्या मैदानावर कितीही उंची माल वापरला तरी तो फुकट.

गंजलेल्या छताच्या दुरुस्तीतही हीच कसोटी आहे. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, सळई घासून उजळ करणे, गंजरोधक लेप, जोड धरणारा लेप आणि मग पॉलिमरमिश्रित माल, असा क्रम असतो. तुळई किंवा खांबाला हात लावण्याआधी टेकू दिलेच पाहिजेत. गंजावर थेट गिलावा मारून वरून पीओपीचे नक्षीदार छत बसवणे ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोकादायक पद्धत आहे.

दरपत्रक कसे वाचावे

तीन ठेकेदारांकडून दर मागवावेत, हे सगळेच सांगतात. ते तिघे एकाच कामाचे दर देत आहेत ना, हे कुणी पाहत नाही. अभियंत्याने केलेले मापपत्रक तिघांनाही देऊन त्यावरच दर भरून घेतले तर तुलना होऊ शकते. ‘संपूर्ण गच्ची वॉटरप्रूफिंग, एकरकमी’ अशा एका ओळीच्या दरपत्रकावर सही करू नये. कोणता माल, किती थर, एका लिटरमध्ये किती चौरस फूट, दोन थरांत किती वेळ, कठड्यावर किती उंचीपर्यंत, माप गच्चीच्या जमिनीचे की उभ्या भागासह, राबिट उचलून नेणे कोणाकडे, परांचीचा खर्च धरला आहे का, हे सगळे त्यात लिहिलेले असावे. वस्तू व सेवा कर वेगळा की दरातच, तेही. नोंदणीकृत ठेकेदाराच्या देयकावर सर्वसाधारणपणे १८ टक्के कर लागतो आणि मोठ्या कामात हा आकडा हिशेब बिघडवतो. काम सुरू असताना मालाचे डबे सीलबंद आले की नाही आणि किती रिकामे झाले, याची मोजणी समितीतील एखाद्या निवृत्त सभासदाने आनंदाने केल्याचे दिसते. ती फार उपयोगी पडते.

हमीपत्राबाबत सर्वाधिक फसगत होते. डब्यावर लिहिलेली दहा वर्षांची हमी ही उत्पादकाची, मालापुरती असते. तो माल ओल्या भिंतीवर लावला गेला तर ती उरत नाही. उत्पादकाच्या अधिकृत ठेकेदाराकडून काम केल्यास काही कंपन्या कामाचीही हमी देतात, पण ती कंपनीच्या नावाने लेखी मिळाली पाहिजे. ठेकेदाराच्या स्वतःच्या हमीला तो पाच वर्षांनी व्यवसायात असेल तेवढीच किंमत. हमीपत्रात कोणता भाग, किती वर्षे, तक्रारीनंतर किती दिवसांत हजर होणार, फरशी पुन्हा फोडावी लागली तर खर्च कोणाचा, आणि कोणत्या कारणाने हमी रद्द होईल, हे असावे. शेवटचा मुद्दा अलीकडे महत्त्वाचा ठरू लागला आहे. डिश अँटेना, पावसाळी पत्र्याची शेड आणि २०२४ पासून केंद्राच्या अनुदान योजनेमुळे वाढलेल्या सौर तबकड्या यांचे खांब गच्चीत छिद्रे पाडून बसवले जातात. हे काम वॉटरप्रूफिंगच्या आधी करायचे, नंतर नव्हे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि पाच ते दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी, अशी अट करारातच असावी. चांगला ठेकेदार तिला नकार देत नाही. फरशी बसवण्याआधी पाणी साठवून चाचणी आणि तिचे छायाचित्र हीसुद्धा अटच करावी. फरशीखाली गेलेली चूक पुन्हा दिसते ती खालच्या घरात. बाहेरच्या भिंतीवर परांचीवर चढणाऱ्या कामगारांना सुरक्षापट्टा आणि विमा आहे की नाही, हे विचारणे सोसायटीच्या हिताचेच आहे. त्या माणसांच्या हिताचे तर आहेच.

खर्च कोणाचा

गळतीपेक्षा तिच्या खर्चावरून शेजाऱ्यांत होणारे वाद अधिक काळ टिकतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी याची वाटणी केलेली आहे. गच्ची, कठडा, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या, पावसाच्या पाण्याने होणारी गळती, तसेच गच्चीतून पाणी उतरल्याने सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची असते. ‘वरच्या मजल्याचे घर तुम्हीच घेतले’ हा युक्तिवाद म्हणून चालत नाही. घरातील न्हाणीघर, शौचालय, मोरी किंवा स्वयंपाकघरातील ओट्याखालून होणारी अंतर्गत गळती त्या घराच्या मालकाची. वरच्या घरात तपासणीसाठी प्रवेश हवा असेल तर आधी सूचना देऊन समितीला तो मिळू शकतो. म्हणून खालच्या घरातील सभासदाने वरच्याच्या दारावर भांडायला जाण्याऐवजी समितीला लेखी अर्ज द्यावा, सोबत छायाचित्रे आणि शक्यतो अभियंत्याचा अहवाल जोडावा. रंगीत पाण्याची चाचणी दोघांच्या समक्ष झाली की निम्मे वाद तेथेच मिटतात.

इमारत नवी असेल तर प्रश्न विकासकाचा. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास, विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तसे न झाल्यास महारेराकडे तक्रार करता येते. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या जुन्या प्रकल्पांना १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यातील तीन वर्षांची तरतूद लागू होते. येथे एक व्यावहारिक सूचना. घाईने स्वतःच दुरुस्ती करून मग विकासकाकडे खर्च मागायला गेल्यास दोषाचा पुरावा उरलेला नसतो. आधी पोच घेऊन पत्र, छायाचित्रे, अहवाल, मग काम. पाच वर्षांची मुदत जवळ आलेल्या इमारतींनी शेवटच्या पावसाळ्यात घरोघरची गळती नोंदवून एकत्रित पत्र दिलेले उत्तम. ठेकेदाराच्या निकृष्ट कामाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी देयक हवे, आणि रोखीने, बिलाशिवाय काम करून घेणाऱ्यांचे घोडे तेथेच पेंड खाते.

घराच्या विम्याविषयी अपेक्षा माफक ठेवावी. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ, तसेच टाकी वा नळी फुटून झालेले नुकसान येते. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीचे पैसे मात्र मिळत नाहीत. नळी फुटल्याची घटना असेल तर कंपनीला तत्काळ कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत फुटलेला तुकडा फेकून देऊ नये.

काम पूर्ण झाल्यावर रंगाची घाई करू नये. स्लॅबमधील ओलावा सुकायला कित्येक आठवडे लागतात. ओलावामापकाचे आकडे उतरल्यावर, शक्यतो एक पावसाळा पाहून, मगच पुट्टी आणि रंग. न्हाणीघराचे काम केले असेल तर फरशी बसण्याआधी भिंतीतील आणि जमिनीतील नळ्यांची, बाजूला मोजपट्टी धरून काढलेली छायाचित्रे अहवाल आणि हमीपत्राबरोबर एका पाकिटात ठेवावीत. दहा वर्षांनी नळी पुन्हा गळू लागली तर येणारा प्लंबर सहा ठिकाणी फोडणार नाही, एकाच ठिकाणी फोडेल.